म्हातारा पाऊस

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे पावसालाही वय असतं. पुनर्वसू नक्षत्राचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. तरणा येतो तो घाटमाथ्यावरून धावत, पत्र्यांवर ताशा बडवत, ओढ्यांना वेड लावत, आणि उघडतोही तसाच एकाएकी, की समोर ढाकोबाचा डोंगर नुकता न्हाऊन उभा राहिलेला. म्हाताऱ्याचं तसं नाही. जुलैच्या विशीच्या आसपास तो दारात येऊन टेकतो आणि मग पंधरवडाभर त्याचं एकसुरी पुटपुटणं चालूच राहतं. दिवस उजाडला की नाही ते चुलीच्या धुरावरून ओळखायचं, सांज झाली की नाही ते गुरांच्या हंबरण्यावरून, आणि मधल्या वेळात कुडाच्या भिंतींतून, गोधड्यांच्या घड्यांतून, मिठाच्या बरणीतून, माणसांच्या गुडघ्यांतून ओल हळूहळू वर चढत राहते. खाचरं तुडुंब भरलेली असतात, आवणी उरकत आलेली असते, डोंगर कुठेच दिसत नाही, नुसता त्याचा आवाज असतो, शंभर ओहोळांचा मिळून झालेला एक.

म्हातारा पाऊस बसून पडतो.

आणि तो बसला की म्हाताऱ्या माणसांची झोप उडते. माझी आत्या कुकडीच्या खोऱ्यात, माणिकडोहच्या फुगवट्याच्याही वर, नाणेघाटाचा रस्ता सोडून आत शिरलं की लागणाऱ्या एका वाडीत राहते. माझे वडील नोकरीपायी जुन्नरच्या पेठेत उतरले आणि तिथलेच झाले. बहीण मात्र डोंगरातच दिलेली. लहानपणी आवणीच्या सुट्टीत तिच्याकडे राहायला गेले, की रात्री कधीतरी जाग यायची आणि अंधारात ती बसलेली दिसायची, गुडघे पोटाशी, डोक्यावरून पदर, तोंड डोंगराच्या बाजूला. काय करतेस गं, विचारलं तर म्हणायची, ‘‘डोंगार बोलतुया. ऐकतीया.’’ मला ती गोष्टीतली वाटायची. डोंगर बोलतो, झाडं ऐकतात, आणि आत्या मध्ये बसून दुभाषीपण करते. मोठी झाल्यावर कळलं की ती अगदी नेमक्या गोष्टींवर कान लावून असायची. ओढ्यात धोंडे सरकल्याचा घुमा आवाज येतोय का. झऱ्याचं पाणी सकाळी लाल उतरलं का. जिथे कधी पाझर नव्हता तिथे पायाखाली भसभशीत लागतंय का. बांधावरचा आंबा कालच्यापेक्षा कललाय का, दाराची कडी आज कोयंड्यात का बसत नाही. पुढे कधीतरी दरडींविषयीचं एक माहितीपत्रक माझ्या हातात पडलं, भूवैज्ञानिकांनी तयार केलेलं, गुळगुळीत कागदावरचं. त्यात धोक्याची लक्षणं म्हणून हेच सगळं होतं, थोडं शुद्ध भाषेत. आत्याने ते वाचलेलं नव्हतं, तिला वाचता येत नाही.

पण आता तिचे दोन्ही गुडघे गेलेत. ओटीवरून अंगणात उतरायचं तरी ती दाराच्या चौकटीला एक हात, खांबाला दुसरा, असा आधार शोधत उतरते, आणि अंगणातल्या शेवाळावर पाऊल टेकण्याआधी तिच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी पुण्यात एस्कलेटरपुढे थबकलेल्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

कळतं तिला. पळता येत नाही.

30 जुलै 2014चा तो बुधवार या म्हाताऱ्या पावसातलाच. श्रावण नुकता लागला होता, नागपंचमी दोन दिवसांवर आली होती. आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडे, भीमाशंकरच्या रांगेच्या कुशीत माळीण नावाचं महादेव कोळ्यांचं गाव. सकाळी, चुली पेटलेल्या असताना, गावामागचा डोंगर सुटला आणि गावठाणावर आला. किती वेळ लागला असेल? एक भाकरी टाकून उलटायला लागतो तितकाही नसावा. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला रस्ता ओळखीचा वाटला, वळण ओळखीचं वाटलं, आणि वळणापुढे गावच नव्हतं. तिथे चिखल होता, मुळासकट उलटी झालेली झाडं होती, आणि पाऊस पडतच होता. बाहेरच्या जगाला ती बातमी त्याच्याकडून कळली. मग तळेगावहून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, यंत्रं आली, वरून पाण्याची धार थांबेना आणि खालून माणसं निघत राहिली, दिवसचे दिवस. 151 माणसं गेली.

कारणांची चर्चा पुढे पुष्कळ झाली. दोन दिवसांचा मुसळधार पाऊस, कातळावर बसलेला मुरमाड मातीचा जाड थर, त्यात मुरलेलं आणि बाहेर पडायला वाट न मिळालेलं पाणी, उतारावर यंत्रांनी केलेलं सपाटीकरण. या भागात उतार फोडून खाचरं काढण्याला पडकई म्हणतात. पूर्वी वाडीतली माणसं एकमेकांच्या रानात पाळीपाळीने राबून, हाताने धोंडे उचलून बांध घालायची. मग सरकारी योजनेतही तेच नाव आलं आणि यंत्र आलं. यंत्रामुळेच डोंगर सुटला की नाही, यावर जाणत्यांचंही एकमत नाही, तिथे मी काय बोलणार. आत्याच्या वाडीतले एक आजोबा एवढंच म्हणाले होते, की हाताने बांध घालताना धोंडा उचलला की खालून पाणी कुठून येतंय ते दिसायचं.

माळीणमध्ये जी माणसं वाचली, त्यांतली बरीचशी त्या सकाळी गावात नव्हती. कुणी पुण्या-मुंबईला कामाला, कुणी शाळेपायी परगावी. पावसाळ्यातल्या सकाळी घरात कोण उरतं, ते या डोंगरात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. पाळण्यातलं पोर, चुलीपुढची बाई, आणि कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेलं एक म्हातारं माणूस. हा उंबऱ्याचा राखणदार. सगळे बाहेर पडल्यावर घर त्याच्यावर सोपवलेलं असतं, दाराला दोर लावून, त्याला कोंबड्या झाकायला सांगून, आणि तोही समजतो की आपण घर राखतोय. डोंगर आला त्या क्षणी किती घरं अशी कुणाकुणाच्या राखणीत होती, याचा विचार मी करायला जाते आणि मध्येच सोडून देते.

याच्या उलटही झालं, आणि ते जास्त अवघड. म्हातारं मागे उरलं आणि तरणंताठं गेलं, तर त्या उरण्याला आमच्याकडे कुणी नशीब म्हणत नाही. त्याला भेटायला येणारं माणूस काय बोलावं ते न सुचून बिडी काढतं, पुढे करतं.

वाचलेल्यांना आधी पत्र्याच्या निवाऱ्यांत ठेवलं. पत्र्याखाली पाऊस कसा वाजतो ते ज्याने ऐकलंय त्याला कळेल, की ज्यांच्यावर पावसातून डोंगर आला त्यांच्या डोक्यावर तो पुन्हा रोज रात्री कोसळत होता. जवळच्या आमडे गावच्या हद्दीत नवं माळीण उभं राहिलं; पक्की, भूकंपाला टिकतील अशी घरं, शाळा, रस्ते. 2 एप्रिल 2017ला घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. आणि त्याच जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसात, भराव खचला, नव्या रस्त्यांना भेगा पडल्या, पायऱ्या-गटारं सुटली. दुरुस्त्या झाल्या, पाण्याला वाटा काढून दिल्या गेल्या, घरं उभी आहेत. पण ती भेग मला सिमेंटमधली वाटत नाही. पंचाहत्तरीच्या माणसाने एकदा सगळं गेलेलं पाहून, पुन्हा हिय्या करून नव्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकावं, आणि पहिल्याच पावसाने त्याच्या दारात जमीन उकलून दाखवावी. तरुण माणूस चिडतं, अर्ज करतं, माध्यमांपुढे बोलतं. म्हातारं माणूस त्या रात्रीपासून पुन्हा बसून झोपू लागतं.

म्हातारपणी घर म्हणजे छप्पर राहत नाही, त्याची सवय होऊन बसते. अंधारात मोरीकडे जाताना भिंत कुठे हाताशी येईल, पाण्याचा हंडा कुठल्या हाताला, उंबरा किती उंच, ओटीच्या कुठल्या खांबाशी पाठ टेकली की सकाळचं ऊन नेमकं पाऊण तास गुडघ्यांवर पडतं, हे डोळ्यांनी पाहायचं राहिलेलं नसतं. डोळे केव्हाच अधू झालेले असतात, घरच त्यांच्याऐवजी पाहत असतं. नवं घर कितीही पक्कं बांधा, रात्री उठलेल्या हाताला तिथे भिंत सापडत नाही. हात हवेत राहतो.

ते हवेतलं चाचपडणं मी जवळून पाहिलं ते आत्याचंच. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि कोकणाला झोडपून, थेट सह्याद्री ओलांडून आमच्याकडे आलं. समुद्रातलं वादळ डोंगराआड येतं, हे आमच्या म्हाताऱ्यांच्याही आठवणीत नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे त्याची खूणगाठ नव्हती, त्याच्यासाठी कान नव्हता. करोनाची टाळेबंदी, एसटी बंद, माणसं घराघरांत कोंडलेली. आत्याच्या घराचे पत्रे खाचरं ओलांडून ओढ्यात गेले. तिला सुनेने कणगीच्या आडोशाला बसवून वर घोंगडी टाकली होती. ती वाचली, कणगी ढासळली. मी जाऊ शकले तेव्हा तिला शेजारच्या घरी ठेवलेलं होतं, चांगली माणसं, गरम भात, कोरडी गोधडी. मध्यरात्री पाहते तर ती भिंतीला तळवा लावून उभी. सरकत होती, इंच इंच. ‘‘आत्या, काय पाहिजे?’’ म्हणाली, ‘‘काय न्हाय गं पोरी, दार सोदतीया.’’ दार तिच्या पाठीमागे होतं.

त्या वादळात हिरड्याची झाडं पडली, उभी राहिली त्यांचा बाळहिरडा झडला. ज्याला हा भाग ठाऊक नाही त्याला सांगायला हवं, की जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला हिरडा म्हणजे उन्हाळ्यातलं रोख पैशाचं पीक, मीठ-मिरचीपासून लग्नाच्या लुगड्यापर्यंत. वेचायला आणि वाळवायला सगळं घर लागतं, आणि वाळत घातलेल्या हिरड्यापाशी बसणं हे म्हाताऱ्या बाईचं काम. पायाने उलथायचा, किडका बाजूला काढायचा, शेळ्या हाकलायच्या. त्या कामाचे पैसे कुणी वेगळे मोजत नाही. पण पोत्यांचं वजन झालं की ती मुलाला विचारते, किती भरलं, आणि ते विचारण्याचा तिला हक्क असतो. झाड पडलं तेव्हा तो हक्कही पडला. हिरड्याच्या नुकसानीची भरपाई मिळावी म्हणून किसान सभेला वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला. सरकारी फायलीचं एक वर्ष आणि ऐंशीला टेकलेल्या बाईचं एक वर्ष यांचं वजन एकच कसं धरायचं? मदत तिच्या हयातीत पोहोचणं हाही मदतीचा भाग आहे, अशी एखादी ओळ शासन निर्णयात कुणी तरी घालायला हवी.

पंचनाम्याच्या वेळचं एक दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. बँकेचं खातं चालू करायला आत्याला तालुक्याला नेलं होतं. छोट्या यंत्रावर अंगठा टेकवायचा. यंत्र म्हणालं, नाही. पुन्हा. नाही. कर्मचारी भला होता, त्याने ओल्या फडक्याने तिचा अंगठा पुसला, दुसरं बोट घेतलं, तिसरं घेतलं. मी तिची बोटं तेव्हा पहिल्यांदा निरखून पाहिली. चिखल, राबाची राख, हिरड्याचा तुरट चीक, जात्याचा खुंटा, यांनी मिळून त्यांवरच्या रेषा कधीच पुसून टाकलेल्या. पेरांवर नुसती चकाकी, नदीतल्या गोट्यावर असते तशी. आयुष्यभर ज्या हातांनी कामं केली त्या हातांची ओळख पटत नव्हती, कारण त्यांनी कामं केली होती. शेवटी करंगळी लागली. आत्या यंत्राकडे पाहून म्हणाली, ‘‘एवढुशीच राह्यली व्हय मी?’’ आणि खुदकन हसली. आम्ही सगळेच हसलो. घरी येताना जीपमध्ये मला बोलवेना.

पुन्हा उभं राहणं म्हणतात ते म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत कुठून सुरू होतं, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. आत्याचं सुरू झालं ते पत्र्यांपासून नाही. शेजारणीने तिच्यापुढे वरईचं सूप ठेवलं आणि म्हणाली, मावशे, एवढं पाखडून द्या, माझ्याच्यानं निघत न्हाय. शेजारणीच्याने निघत होतं, चांगलं निघत होतं. आत्याने सूप हातात घेतलं, दोनदा झटकलं, तिसऱ्या झटक्याला मनगटाला लय सापडली, आणि त्या रात्री ती आडवी झोपली.

असा शेजारच नसला तर काय होतं, ते जपानने पाहिलंय. तिथे कोबे शहराला 17 जानेवारी 1995ला पहाटे भूकंपाने गाठलं. गेलेल्यांत निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे होते. त्यानंतरची गोष्ट मला जास्त रुतते. तात्पुरती घरं देताना म्हाताऱ्यांना अग्रक्रम दिला, सोडती काढल्या, सगळं न्याय्य झालं. आणि ज्याला जिथे घर लागलं तिथे तो एकटा जाऊन राहिला, ओळखीच्या गल्लीपासून दूर, शेजारी कोण ते ठाऊक नाही. मग त्या नीटनेटक्या घरांत एकेकटी माणसं मरू लागली, आणि दारं बरेच दिवस कुणी ठोठावली नाहीत. पुढे 2004 साली निगाताच्या डोंगरात भूकंप झाला, यामाकोशी नावाचं गाव हलवावं लागलं, तेव्हा त्यांनी वस्त्याच्या वस्त्या एकत्र ठेवल्या. शेजारी तोच, हाकही तीच. यामाकोशीत शेतीची खाचरं उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात, असं छायाचित्रांत दिसतं. फोटो पाहून क्षणभर वाटलं, आपल्या घाटमाथ्यावरच्या आहुप्याकडचाच आहे.

आपल्याकडे किल्लारीने हे आधीच भोगलं होतं. 30 सप्टेंबर 1993ची भूकंपाची पहाट, आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. नंतर गावंच्या गावं नव्या जागी वसली, सरळ रेषेत, रुंद रस्त्यांची, नकाशावर देखणी. ज्या गल्लीत दोन ओट्यांवर बसून दोन म्हाताऱ्या दिवसभर न उठता बोलत होत्या, ती गल्ली नकाशात बसली नाही. मधला रस्ता किती फुटांचा असावा याचे नियम असतात. म्हाताऱ्या बाईची हाक किती फुटांपर्यंत पोहोचते, हे कुणी मोजत नाही.

डिंभ्याच्या पाण्याकाठी उन्हाळ्यात उभं राहिलं की आणखी एक गोष्ट आठवते. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगाव या पाण्याखाली आहे. जलाशयाला नाव तालुक्याच्याच हुतात्मा बाबू गेनूचं. पाणी फार खाली गेलं की जुन्या देवळांचे दगड वर येतात. तेव्हा काठावरच्या वाड्यांतली म्हातारी माणसं खाली उतरून जातात आणि चिखलाच्या भेगांवर उभी राहून नातवंडांना दाखवतात, इथे पार होता, इथे आमचं दार. पाणी सांगून आलं होतं, नोटिसा देऊन, वर्षं घेऊन. डोंगर न सांगता आला. पण ज्या पिढीने तरुणपणी पाण्यापासून माघार घेतली, तिलाच म्हातारपणी डोंगरापासूनही घ्यावी लागावी, हे जरा जास्तच झालं. त्यांना ‘स्थलांतर करा’ सांगायला जाणाऱ्या अधिकाऱ्याने हे ध्यानात ठेवलं, तर त्यांच्या हट्टाला तो हट्ट म्हणणार नाही.

तरीही हलावं तर लागतंच. 19 जुलै 2023च्या रात्री रायगडातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला रस्ता नव्हता, यंत्रं चढेनात, बचावाला गेलेली माणसं अंधारात, पावसात, चिखलातून चढून गेली. ती बातमी आत्याच्या वाडीने आपलीच असल्यासारखी ऐकली. वाडी तशीच, उतार तसाच, वाट तशीच. त्या आठवड्यात माझ्या आतेभावाने वाडीतल्या पोरांना गोळा केलं. आशाताई आल्या, त्यांच्या वहीत कुणाला साखर आहे, कुणाचा रक्तदाब चढतो, कुणाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय, हे सगळं आधीच होतं. सरकार आपत्तीचे इशारे मोबाइलवर पाठवतं. त्या वर्षी चाचणीचे संदेश आले तेव्हा पुण्यात माझा फोन भर बैठकीत भोंग्यासारखा ओरडला होता. आत्याच्या वाडीत रेंजसाठी खिंडीत जावं लागतं. म्हणून ठरलं की थाळी वाजवायची आणि दारोदार जाऊन नावाने हाक मारायची, म्हाताऱ्यांपासून सुरुवात करून. कोणी कुणाला उचलायचं तेही ठरलं. आत्याच्या नावापुढे शेजारची दोन पोरं.

पिशवी भरण्यावरून मात्र वाद झाला. जाड प्लॅस्टिकची पिशवी, दाराजवळच्या खुंटीला. आधार कार्ड, पासबुक, श्रावणबाळ योजनेचे कागद, गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी, चष्मा, बॅटरी, मुलाचा आणि माझा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिलेला पुठ्ठा. हे सगळं आत्याने मान्य केलं. मग आत गेली आणि ट्रंकेतून एक घडी घेऊन आली: हिरवं नऊवारी, कोरं, कापडाच्या पुरचुंडीत हळदकुंकू. आमच्याकडे पुष्कळ म्हाताऱ्यांनी ते ठेवलेलं असतं, शेवटच्या दिवशी नेसवायचं म्हणून. आतेभाऊ म्हणाला, आये, हे कशाला, जड होतंय. ती काही बोलली नाही, गोळ्या थोड्या बाजूला सारून लुगडं आत बसवू लागली. आम्ही तिला वाचवायची तयारी करत होतो आणि ती मरणाचीही तयारी त्याच पिशवीत, तितक्याच शांतपणे, कोंबत होती. तिला दोन्हींत विरोध दिसत नव्हता. आतेभावाने शेवटी मोठी पिशवी आणली.

मग एका रविवारी, पाऊस जरा उघडल्यावर, सरावाची फेरी झाली. प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले, वर आत्या, मांडीवर पिशवी, डोक्यावर इरलं. तिला शाळेपर्यंत न्यायचं. पोरं हसत होती, खुर्ची डुगडुगत होती, आणि आत्या वरून त्यांना झापत होती: इकडून नगा, इथं खालून पाझर हाय, निसराल; पुढं उंच घ्या, मागं बुटका, उतार हाय लेकांनो; आनि शाळंत काय म्हून नेता, शाळंच्या मागचा बांध दोन पावसाळं झालं फुगलाय, दिसत न्हाय? पोरं थांबली. आतेभाऊ जाऊन बांध पाहून आला आणि डोकं खाजवत राहिला. बांधाच्या पोटातून खरंच माती सुटली होती. मग खुर्ची तिने बोट दाखवलं तिकडे वळली, पलीकडच्या सपाट कातळावरच्या देवळाकडे. देवळाच्या पायरीवर उतरवल्यावर तिने आशाताईंची वही मागवली, जणू तिला वाचता येत होतं, आणि म्हणाली, वाचा. ताई नावं वाचत गेल्या. ती मध्ये मध्ये थांबवत होती. ही रातच्याला लेकीकडं निजती, तिथं हाक मारा. हा दारू पितो, दोघं जावा. ही बाहेर येनार न्हाय शेळ्यांबिगर, आदी दावी कापा, ती आपसूक येती. आशाताई लिहीत होत्या, भराभर, समासात, उभ्या-आडव्या. वाडीच्या वरच्या टोकाला एकटे राहणाऱ्या आजोबांचं नाव आलं, त्यांच्यापुढे थाळी-हाक असं लिहिलेलं होतं.

‘‘त्येला कशाची हाक,’’ आत्या म्हणाली, ‘‘ठार भैरा हाय त्यो. दाराला कडी नसती त्याच्या. आत जावा नि पाय वढा. डावा वढा, उजव्यात सळई हाय.’’